माझं दुसरं टोक

हसायचं तर हसा, पण मी एक पट्टा आहे, कुत्रीला फिरायला नेण्याचा, आणि आज मला चार शब्द बोलायचेत. मागच्या महिन्यात आमच्या घरी माझ्यावरून चौकशी झाली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. आमच्या घरच्या बाई शाळेची दप्तरं शिवायच्या. उरलेली जाड पट्टी त्यांनी दुहेरी केली, एका टोकाला कडी लावली, दुसऱ्या टोकाला हातात धरायला मूठ शिवली. ठमी तेव्हा पिल्लू होती, वीतभर अंग आणि हातभर शेपूट. आल्या आल्या तिनं मला चावून पाहिलं. "चाव, चाव," बाई म्हणाल्या. "जाड कातडीचा आहे तो, तुझ्या बापासारखा." बाप म्हणजे बाईंचे यजमान. बसचे ड्रायव्हर, अंगानं आडवे.

काय दिवस होते ते. सकाळी कडी ठमीच्या गळपट्ट्यात, मूठ बाईंच्या हातात, आणि मागून ड्रायव्हर दुधाची पिशवी घेऊन.

"मला दे की कधी," ते म्हणायचे.

"तुम्ही गाव फिरवता तेवढं पुरे. हिला मी फिरवते."

मग बाकावर बसून दोघं भांडायची. विषय एकच, मोरीतला गळका नळ. मी बाईंच्या मांडीवर पडून ऐकायचो. त्यांच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास यायचा. माझ्या मुठीला तो अजून येतो, निदान मला तरी.

पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मी खुंटीवर लटकलो. ड्रायव्हर माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. एके सकाळी ठमीनंच उडी मारून मला खाली ओढलं, मूठ तोंडात धरली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरांना भरून आलं. "तिचं काम तू करणार होय? कर बाई," म्हणाले, कडी अडकवली आणि दार उघडलं.

तेव्हापासून तीच रीत पडली. कडी तिच्या गळ्याशी, मूठ तिच्याच तोंडात, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. रस्त्यावरचे लोक कौतुक करायचे, ड्रायव्हर खूश व्हायचे. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की हे काही खरं नाही.

व्हायचं तेच झालं. वळणावर पोस्टातल्या ताई सायकलवरून आल्या. ठमीचा त्यांच्यावर भारी जीव. तिनं मूठ टाकली आणि धावली अंगावर, प्रेमानंच, पण सायकलला प्रेम काय कळतं? ताई पडल्या, मनगट मोडलं. त्यांनी तक्रार केली, आणि का करू नये?

पालिकेचे साहेब घरी आले. "कुत्री मोकळी होती म्हणे."

"मोकळी कशी? हा बघा पट्टा. गळ्याला होता."

"आणि दुसरं टोक?"

"तिच्या तोंडात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाले, "उभा जन्म बस चालवली हो मी, कुणाला ओरखडा नाही."

"स्टिअरिंग कधी दुसऱ्याच्या हाती दिलंत, आजोबा?"

साहेबांनी उठताना बजावलं, "पुन्हा तक्रार आली तर कुत्री आम्ही घेऊन जाणार."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरांनी कडी अडकवली आणि ठमी मुठीसाठी तोंड उघडून बसली. ते देईनात, ती उठेना. शेवटी गुडघे धरत ते उंबऱ्यावर टेकले.

"आमच्या हिचा हात होता गं यात," ते ठमीला म्हणाले. "मला धरवत नव्हतं, म्हणून तुझ्या गळ्यात घातलं. पण तुला नेलं तर मी घरात बोलू कुणाशी?"

ठमीनं त्यांचं तोंड चाटलं. मग त्यांनी माझ्या मुठीत हात घातला. मूठ बाईंच्या मापाची, चार बोटंच काय ती आत गेली. ठमी उठली, चालू लागली, आणि कितीतरी दिवसांनी मी दोन्हीकडून ताणला गेलो. बरं वाटलं मला.

मंडळी, तुमच्या दारामागे माझा एखादा भाऊबंद लटकत असेल, तर त्याला खाली काढा आणि मूठ स्वतःच्या हातात धरा. कुत्रं ओढेल, हात दुखेल. आमच्या ड्रायव्हरांचाही दुखतो. संध्याकाळी ते गरम पाण्याच्या पिशवीनं मनगट शेकत बसतात आणि ठमीला नावं ठेवतात, आणि ती सगळं ऐकून घेते.