मळका अभ्रा आणि लाँड्रीवाले जोडपे

वाचक मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझे जीवनचरित्र यथाशक्ती सादर करणार आहे. त्यात माझा जन्म, माझी नोकरी आणि एका जोडप्याची फजिती यांची हकीकत येईल. ती शांत चित्ताने वाचावी, ही विनंती.

मी एक जुना, मळका अभ्रा आहे. अभ्रा म्हणजे उशीचा सदरा. निळ्या फुलांच्या उरलेल्या कापडातून माझा जन्म झाला आणि पुष्कळ वर्षे मी एका मुलाच्या गालाखाली काढली. तो मोठा होऊन कमावता झाला, तेव्हा मला मुलांच्या संस्थेतील मोठ्या ताईंच्या स्वाधीन करून गेला.

मित्रांनो, काही मुलांना घरापासून दूर, परक्यांच्या घरी काही काळ राहावे लागते. अशा मुलांना सांभाळू इच्छिणाऱ्यांना ताई आधी शिकवून तयार करतात. त्या शिकवणीत प्रत्येक जोडपे मला आठ दिवस घरी नेते. ताई एवढेच सांगतात, "हा एका मुलानं सोबत आणलाय असं समजा. सांभाळा."

बहुतेक जण मला धुऊन आणीत. मग मला पुन्हा मळवण्याची जबाबदारी शिपाईकाकांवर येई. ते डोक्याला तेल थापून दुपारभर माझ्यावर घोरत. कोणी हलवले तर म्हणत, "ऑफिसचं काम चाललंय, उठवू नका!" एरवी मी कपाटात पडून असे. फटीतून उजेडाची रेघ येई, तिच्यात धूळ तरंगे, आणि मला वाटे, आपणही तसेच हलके होऊन त्या मुलाच्या गालाकडे निघालो आहोत.

एके वर्षी लाँड्रीवाले दादा आणि वहिनी आले. संस्थेतील सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे यायची होती. मात्र ताईंनी 'तयार' असा शेरा दिला तरच.

त्यांनी मला भिजवले, निळीत बुडवले, खळ दिली. इस्त्रीच्या वाफेत मला ढगात निजल्यासारखी गुंगी आली. जागा झालो तो परीटघडीचा!

"बघा ताई," दादा छाती फुगवून म्हणाले, "डाग सापडला तर लाँड्रीला कुलूप लावतो."

ताईंनी मला नाकाशी धरले. "दादा, ज्या मुलाचा हा होता, त्याला यात आईचा वास यायचा. परक्यांच्या पहिल्याच घरात हा अभ्रा धुतला गेला. महिनाभर पोरगं उशीवर डोकं टेकेना."

ते खरे होते. तो वास मी अजून स्वप्नात शोधतो.

वहिनींचा चेहरा उतरला. "माझेच हात शिवशिवले, ताई. मळकं दिसलं की राहवत नाही मला. आता ती पोर...?"

"पुन्हा आठ दिवस न्या," ताई म्हणाल्या. शेऱ्याची जागा कोरीच राहिली. त्या दुपारी शिपाईकाकांनी दुप्पट तेल लावले.

या खेपेस मी दुकानातील खुंटीवर, पांढऱ्याशुभ्र चादरींच्या शेजारी लटकत होतो. एक मास्तर नाक मुरडून म्हणाले, "काय हो, लाँड्रीत हे असलं? धंदा गुंडाळलात की काय?"

दादांचे कान लाल झाले. "आमचं नाही ते, मास्तर. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय पाणी दाखवायचं नाही." वहिनी बादलीकडे पाहत आणि हात पाठीमागे बांधून घेत.

आठव्या दिवशी ताईंनी मला हुंगले. तेलाचा भपकारा आला. ताई हसल्या आणि त्यांनी शेरा लिहिला.

पुढे ती दोघे नव्या जोडप्यांना अनुभव सांगण्यासाठी आली. त्यांनी सांगितले, त्यांच्या घरी राहायला येताना मुलीने सोबत आपल्या आईची शाल आणली होती. चार महिने कोणी त्या शालीला हात लावला नाही. मग एका सकाळी मुलगीच ती घेऊन आली. "मावशी, धुवा. पण हा कोपरा नको."

"मग हो?" कोणीतरी विचारले.

"मग काय! मशीन बंद ठेवलं," दादा म्हणाले. "टबात हातानं धुतली. मी चोळत होतो, ही पाणी घालत होती, आणि पोरगी तो कोपरा मुठीत उंच धरून उभी. शाल वाळेपर्यंत सोडला नाही."

"तेवढा कोपरा अजून मळका आहे," वहिनी म्हणाल्या. हे सांगताना त्यांचे हात मांडीवर अगदी शांत होते.

मित्रांनो, कोणाची मळलेली वस्तू आपल्या हाती आली, तर साबण घेण्यापूर्वी तिच्या धन्याला विचारावे, एवढेच माझे मागणे आहे. येथवर वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
मळका अभ्रा
(कपाट, खालचा कप्पा)