आबूची जागा

"आबू म्हणजे स्वर्ग आहे, सोनटक्केजी, स्वर्ग!" माथुरसाहेबांनी रुमालाने मानेवरचा घाम टिपला. "लोक पदरचे पैसे घालून तिथं जातात. तुम्हाला सरकार पगार देऊन पाठवतंय."

गुलाबराव सोनटक्के टेबलापाशी उभे होते. समोरची खुर्ची रिकामी होती. साहेबांनी एकदा 'बैठिये' म्हटलंही होतं. पण एकदा म्हटल्यावर लगेच बसणारा माणूस गुलाबरावांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता, आणि दुसऱ्यांदा म्हणायचं साहेबांच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे ते उभेच राहिले.

जयपूरच्या सांगानेर विमानतळावर हवामान खात्याची जी छोटी कचेरी होती, तिथे गुलाबराव निरीक्षक होते. ठरल्या वेळी अंगणातल्या पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडायचं, आतल्या तापमापकांवरचे आकडे टिपायचे, वारा बघायचा, ढग बघायचे आणि सगळं वर कळवायचं. वाईहून पुण्याला आणि पुण्याहून जयपूरला आल्यापासून त्यांनी एवढंच केलं होतं आणि ते मन लावून केलं होतं. आता रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं राहिली असताना आबूच्या डोंगरावरच्या वेधशाळेत एक जागा रिकामी झाली होती. सक्ती नव्हती. दिल्लीने फक्त विचारलं होतं.

"घरी विचारून घ्या," माथुरसाहेब म्हणाले. "सोमवारी दिल्लीचा फोन येईल. त्याच्या आत मला हो की नाही, एवढं सांगा."

"विचारतो, साहेब," गुलाबराव म्हणाले, आणि बाहेर आल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. घरात विचारायला एक पाल तेवढी होती.

जवाहरनगरात खंडेलवालांच्या गच्चीवरच्या दोन खोल्या, हे त्यांचं घर. बायको, सुलोचनाबाई, गेल्यापासून त्यातली एकच खोली वापरात होती. दुसरीत त्यांचा देव्हारा, पिंप आणि बंद ट्रंका. संध्याकाळी आल्यावर रेडिओ लावायचा, भात टाकायचा, आणि रेडिओवरचा माणूस 'नमस्कार' म्हणाला की आपणही हळूच नमस्कार म्हणायचं, अशी त्यांना अलीकडे खोड लागली होती.

आबू त्यांनी पाहिलं होतं. फार पूर्वी पंधरवडाभर कुणाच्या तरी रजेच्या जागी ते तिथे गेले होते. हवा छानच होती, त्यात खोटं नाही. पण वेधशाळेचं क्वार्टर गावापासून लांब, एका टेकाडावर. अंधार पडायच्या आत चपराशी खाली निघून जाई, आणि मग धुकं खिडकीतून घरात येऊन बसे. चौथ्या दिवशी गुलाबराव चहाच्या किटलीशी बोलताना स्वतःलाच सापडले. तेव्हा जयपुरात सुलोचनाबाई वाट बघत होत्या म्हणून निभावलं. आता तिथे गेलो तर रिटायर होईपर्यंत तिथेच, आणि एखाद्या रात्री काही झालं तर सकाळी चपराशी वर येईपर्यंत कुणाला पत्ताही लागायचा नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांना भीती वाटत होती.

पण मग जयपुरात तरी काय होतं? लेक होती, वैशालीनगरात दिलेली. एक जुना मित्र होता. आपण इथून उठून गेलो तर या दोघांचं काही अडेल का, हे गुलाबरावांना मनापासून जाणून घ्यायचं होतं. बसमध्ये उभ्या उभ्याच त्यांनी ठरवून टाकलं, एकाने जरी 'जाऊ नका' म्हटलं तर साहेबांना नाही म्हणून सांगायचं. कुणीच म्हटलं नाही तर मात्र निघायचं.

हे असं तोंड उघडून विचारायचं मात्र नाही. विचारून मिळालेल्या आग्रहाला काय किंमत? त्यांच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा 'पुरे' म्हणे आणि त्याच्या पुरेला कुणी पुरे समजत नसे. सुलोचनाबाई तर त्या कलेत अशा तयार होत्या, की माणसाने ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून पोळी सरकवतील. आणि गुलाबराव एखाद्या गोष्टीची फार तारीफ करायला लागले की त्यांना ती नको आहे, हेही त्या एकट्याच ओळखत.

शनिवारी संध्याकाळी ते देवरामकडे गेले. देवराम रेल्वेत गार्ड होता, नागपूरकडचा. रिटायर झाल्यावर रेल्वे कॉलनीच्या मागेच भाड्याने राहिला होता. दर शनिवारी दोघे पत्ते खेळत आणि मराठीत भांडत. भांडण महत्त्वाचं, पत्ते निमित्ताला.

"काय सांगून राह्यला!" बातमी ऐकल्यावर देवरामने हातातले पत्तेच खाली ठेवले. "आबूले? अबे, मग जाय ना बावा! विचार कायचा करतं?"

"हवा उत्तम आहे तिथली," गुलाबराव म्हणाले. "पाणी तर इतकं गोड! क्वार्टरही ऐसपैस आहे. काम म्हणशील तर इथल्यापेक्षा कमीच." स्वतःच्या तोंडून आबूचं एवढं कौतुक ऐकून ते जरा थांबले आणि देवरामकडे बघू लागले.

"मंग झालं तं!" देवराम खूश होऊन म्हणाला. "या भट्टीत काय ठेवलं हाय? इंदू, ऐकलं का? गुलाबराव चालले थंड्या हवेत."

इंदुबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "बरं झालं भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आता सांगून टाका नं त्यायले."

देवरामने कप बशीत फिरवला. "तुले सांगाचंच होतं रे. जीभच उचलेना. दिवाळी झाली का आमी नागपूरले जातो. पोराचा कागदावर कागद येऊन राह्यला, आता ऐकतच नाही. मले तुयीच चिंता होती, हा एकटा इथं काय करन म्हणून. आता तू बी चालला तं माह्या मनावरचं ओझंच गेलं."

असं म्हणून त्याने खरोखरच मोठा श्वास सोडला. गुलाबराव हसले. "वा, वा, उत्तम," म्हणाले. नंतरचा डाव ते हरले, आणि देवरामने डिवचलं तरी भांडले नाहीत.

रविवारी सकाळी जिन्यात खंडेलवालजी भेटले. भाडेकरूच्या बदलीची बातमी त्यांना कशी लागली देव जाणे, पण लागली होती खरी. जयपुरात भिंतींना कानच काय, पाय पण असतात. त्यांनी हात जोडून अभिनंदन केलं, आबूचं दर्शन म्हणजे पुण्य वगैरे बोलले, आणि खोल्या कधी रिकाम्या होतील ते विचारलं. त्यांच्या भाच्याला हव्या होत्या.

"अजून नक्की नाही," गुलाबराव म्हणाले.

"सही बात है," खंडेलवालजी म्हणाले. "आराम से. महिन्याच्या आत झालं तरी चालेल."

राहता राहिली लेक, अलका. खरं म्हणजे सगळी भिस्त तिच्यावरच होती, बाकीचे नुसते गिनतीला. श्रावणातल्या तीजेचा सण नुकताच झाला होता आणि लेकीच्या सासरी घेवर, म्हणजे त्या सणाची पाकातली मिठाई, खायला त्यांना बोलावणंच होतं. जावई मालाच्या खरेदीला सुरतेला गेले होते. घरात अलका, तिची सासू आणि छोटी मिनी. गुलाबरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

सासूबाई मोठ्या अगत्याच्या. त्यांनी ताटलीत घेवर वाढला. गुलाबरावांनी तो संपवला, तोच दुसरा घेऊन त्या पुढे आल्या. "समधीजी, एक और."

"नाही नाही, पुरे."

"ऐसे कैसे पुरे? हमारी मनुहार है." मनुहार म्हणजे तिकडचा आग्रह. गुलाबरावांनी ताटलीवर हात आडवा धरला, तर त्यांनी घेवर हातावरच ठेवला. पाक मनगटावरून ओघळला आणि मिनी टाळ्या पिटत हसली. गुलाबराव पण हसले. किती दिवसांत असं ताटाशी कुणी भांडलं नव्हतं. आता बोलायला हरकत नाही असं त्यांना वाटलं.

"अलका, आबूला जागा निघालीय. मला विचारलंय," ते म्हणाले. "छानच आहे म्हणा तिथं. उन्हाळा नाही, धूळ नाही..."

"सच्ची, बाबा?" अलका टुणकन उठली. "मतलब, क्वार्टरपण मिळणार? मम्मीजी, सुना आपने? बाबा आबू जा रहे हैं! मिनी, नानाजींकडे जायचं ना छुट्टीत? तिथे तलाव आहे, नाव आहे!"

"मला नावेत बैठायचं आहे!" मिनी म्हणाली.

"अजून ठरवलं नाही मी," गुलाबराव घाईने म्हणाले. "नाही म्हणजे, तिकडे गेल्यावर असं दर रविवारी येणं व्हायचं नाही. लांब पडेल. मिनी विसरून जाईल मला."

"काही नाही विसरत. तुम्ही कशाला धावपळ करता, आम्हीच येऊ ना. गर्मीच्या छुट्टीत पूरा महिना राहू." अलकाचा चेहरा उजळला होता. "खरं सांगू, बाबा? आई गेल्यापासून तुम्ही इथे त्या खोलीत एकटे बसता, मला किती टेन्शन राहतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही कुठल्या गोष्टीचं नाव काढून खुश दिसता. जाच तुम्ही. माझा विचार नका करू."

माझा विचार नका करू! पोरीने सगळं प्रेम एकवटून जे म्हटलं, ते नेमकं हेच. तिचं काही चुकलं नव्हतं. आईची नजर तिला मिळाली नव्हती, यात तिचा काय दोष? लबाडी बापानेच केली होती. आबूवर स्तुतीची फुलं उधळत बसला आणि वर कुणीतरी हात धरावा म्हणून वाट बघत राहिला. 'मला जायचं नाही गं' हे चार शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो मोकळेपणा बघून ते त्यांनी गिळले. एका घेवरासाठी इथे केवढी मनधरणी होते, असं त्यांच्या मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

निघताना त्यांनी चपला जरा सावकाशच घातल्या. फाटकापर्यंत गेले, तोच मागून हाक आली. "बाबा, थांबा ना! एक मिनिट!"

ते लगेच वळले. अलका धावत येत होती. तिच्या हातात रबरी पिशवी होती, गरम पाण्याने शेकायची. "ही राहू द्या तुमच्याजवळ," ती धापा टाकत म्हणाली. "तिथे थंडी फार असते. गुडघे सांभाळा."

"बरं," गुलाबराव म्हणाले. ती पिशवी त्यांनी काखेत धरली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागले.

सोमवारी सांगानेरच्या बसमध्ये त्यांनी वाक्य तयार केलं: 'साहेब, जातो मी.' स्वतःशी ठरवलेला शब्द होता, तो पाळायचा. सगळ्यांना आनंद झाला होता, एकाही माणसाने नको म्हटलं नव्हतं, मग आणखी काय हवं? कचेरीत शिरल्यावर त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

माथुरसाहेब ट्रंककॉलची वाट बघत बसले होते. "हां, सोनटक्केजी. घर में बात हुई?"

"झाली, साहेब."

"मग? काय म्हणतात घरचे?"

गुलाबरावांनी तोंड उघडलं. "नको म्हणतात," ते म्हणाले.

हे आपणच बोललो का, असं त्यांना क्षणभर वाटलं. कान तापले. पण जीभ एकदा सुटली ती थांबेना. "मुलगी तर ऐकतच नाही, साहेब. रडायलाच लागली. नात गळ्यात पडली. एक मित्र आहे रेल्वेतला, तो म्हणाला, तू गेलास तर मी कुणाशी भांडू? आमच्या विहीणबाईंनी तर हातच धरला. आणि घरमालक! ते म्हणतात, खोल्या रिकाम्या करूच देणार नाही."

माथुरसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं. "नशीबवान आहात," ते म्हणाले. "मागे माझी कोट्याला बदली झाली, तेव्हा घरी गेल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, गाडी किती वाजताची आहे?" ते हसले. मग हसणं विरलं. "इतकी माया लावणारी माणसं असल्यावर कशाला जायचं डोंगरावर? मी सांगतो दिल्लीला."

फोन खणखणला. गुलाबराव रीडिंगची वेळ झाल्याचं सांगून खोलीबाहेर आले. पॅसेजमधून अंगणात उतरायचं, पेटीचं दार उघडायचं, रोजचंच काम. दोन पायऱ्या उतरले आणि मागून साहेबांचा आवाज आला. लाइन खराब असावी, ते ओरडून बोलत होते.

"जी, सोनटक्केजी नहीं जा रहे... मैंने कहा, नहीं जा रहे!... घरवाले! उनके घरवाले नहीं मान रहे!"

गुलाबराव थांबले.

पलीकडे काही ऐकू गेलं नसणार. साहेबांनी आवाज आणखी चढवला. "घरवाले, साहब! बेटी रो रही है! सब रोक रहे हैं! कैसे जाएँगे?"

कचेरीतले दोघेतिघे माना वळवून गुलाबरावांकडे बघू लागले. एकजण कौतुकाने हसला. गुलाबरावांनी भिंतीला हात टेकला. बाहेर अंगणात ऊन होतं, रीडिंगची वेळ टळत चालली होती, आणि आजवरच्या नोकरीत त्यांनी ती कधी टळू दिली नव्हती. पण साहेब आता तिसऱ्यांदा पहिल्यापासून सगळं सांगत होते, आणि ते सांगून संपेपर्यंत त्यांना तिथून हलवेना.