आईचं पापनिवेदन

"बाई, दार ओढू नका. मी इथेच आहे, कुठे जात नाही," लिफ्टच्या फटीला तोंड लावून तो म्हणाला. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या त्या बाईचा श्वास हळूहळू ताळ्यावर येत होता. न दिसणाऱ्या माणसाशी हलक्या आवाजात बोलायची त्याची सवय जुनी. एके काळी तो जाळीआड बसून लोकांची पापं ऐकायचा.

अकरा वर्षं तो धर्मगुरू होता. मग एका विधवा शिक्षिकेशी लग्न करायचं ठरवलं, रोमहून परवानगी आली, बिशपांनी सेवेतून मोकळं केलं आणि त्याने लिफ्टदुरुस्ती धरली. त्यालाही एकोणीस वर्षं झाली. बरोबरचे कामगार अजून त्याला थट्टेने फादर म्हणत. लिफ्ट चालेना की म्हणत, "फादर, जरा आशीर्वाद द्या हिला." तोही हसायचा.

फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"दादा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ निघणं कठीण. सारखी चर्चच्या फादरना बोलाव म्हणतेय, आणि फादर बिशपांकडे बैठकीला गेलेत. वाटेत ट्रक उलटलाय, रस्ता बंद. तू ये."

"तिला चालेल?"

"आता काय विचारत बसू तिला? तू ये."

त्याने बाईला बाहेर काढलं, तिला पायरीवर बसवून पाणी दिलं आणि मगच निघाला.

आईने जन्मभर मुलांना धर्मशिक्षण दिलं होतं. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता आजोबा झाली होती. मुलाला धर्मगुरूची दीक्षा मिळाली त्या दिवसापासून ती त्याला 'अहो फादर' म्हणू लागली. तो लाजायचा, पण ती ऐकायची नाही. त्याने झगा उतरवला तेव्हा 'अहो' गेलं, पण 'अरे'ही परत आलं नाही. एकोणीस वर्षं ती त्याच्याशी हाक न मारता बोलत होती. "चहा ठेवलाय." "दार लावून घ्यायचं." त्याची बायको त्या घरात कधी आलीच नव्हती.

बहिणीने दार उघडलं. तिच्या हातात फोन होता, पलीकडे तरुण फादर.

"तुम्ही आहात ते बरं झालं," फादर म्हणाले. "मला अजून दीड तास तरी लागेल. आई थांबतील असं वाटत नाही. त्यांचं पापनिवेदन तुम्ही ऐका आणि क्षमा द्या."

"फादर, मी सेवेत नाही."

"मरणाच्या दारात असलेल्याला कुणीही दीक्षित माणूस क्षमा देऊ शकतो. नियमच आहे. तुम्हाला मी काय शिकवायचं?"

नियम त्याला पाठ होता. परीक्षेत त्याच प्रश्नावर त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते.

आई उशीला टेकून बसली होती. डोळे लख्ख होते.

"फादर आले?"

"अडकलेत, आई. मी आलोय. तुझी इच्छा असेल तर मी ऐकतो. अशा वेळी मला अधिकार आहे."

"कुणाचा?"

"चर्चचा. आणि चर्चला प्रभूचा."

आईने मान हलवली. वर्गात चुकीचं उत्तर आलं की हलवायची तशी. "तुझ्या डोक्यावर बिशपांनी हात ठेवले तेव्हा मी पहिल्या बाकावर होते. त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी ठेवले, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी, असं मागे मागे थेट प्रभूच्या प्रेषितांपर्यंत. मुलांना हे सांगताना मला रडू यायचं, माझा मुलगा त्या रांगेत आहे म्हणून. मग तूच रांगेतून बाहेर पडलास."

तिने त्याला 'तू' म्हटलं होतं. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

"दीक्षा पुसली जात नाही, आई. तूच शिकवलंस. क्षमा माझ्या पदरची नसते. मी चांगला असो, वाईट असो, ती त्याच्याकडून येते."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती बराच वेळ पांघरुणाच्या काठाशी चाळा करत राहिली. बहीण दारातच थिजली होती.

"मला जे सांगायचंय ना," आई हळूच म्हणाली, "ते तुझ्याबद्दलचंच आहे. तुझ्या तोंडावर कसं सांगू?"

"मला राग नाही कशाचा. सगळं माहीत आहे मला."

"नाही रे. हे तुला माहीत नाही." तिने डोळे मिटले. "तुझ्या हातून नको. फादरना येऊ दे."

त्याने बहिणीला फोन लावायला सांगितलं. रस्ता अजून बंदच होता. तो खिडकीशी गेला, परत आला, आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. पाऊण तासाने आईची शुद्ध हरपली. श्वास घरघरू लागला.

"दादा, म्हण ना ते शब्द!" बहिणीने त्याचा दंड धरला. "आता तिला कळतही नाही."

"तिनं नको म्हटलंय."

"तुझ्या हातून नको म्हटलंय, क्षमा नको असं कुठे म्हटलंय? दादा, पाया पडते तुझ्या!"

शब्द ओठांवर होते. हात छातीपर्यंत उचलला गेला होता. दोन ओळी, जेमतेम काही क्षणांच्या. पण आईने शुद्धीत, विचार करून दार लावलं होतं. ते आता तिच्या नकळत ढकलायचं? की नियम धरून ढकलायलाच हवं होतं? त्याला ठरवता येईना. तो ठरवत असतानाच घरघर थांबली.

फादर आले तेव्हा शेजारपाजारचे जमले होते. त्यांच्या बुटांना चिखल होता. शेवटचा टप्पा ते चालत आले होते.

"क्षमा दिलीत ना?"

"नाही."

"शुद्ध नसली तरी देता येते, हो."

"माहीत आहे, फादर. ती माझ्या हातून नको म्हणाली होती."

बहीण त्याच्याकडे बघतही नव्हती. फादरनी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि काय वाटलं कोण जाणे, उघडं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "तुम्ही म्हणता?"

त्याने मान हलवून नकार दिला आणि मागे जाऊन कपाटाला टेकून, शेजाऱ्यांच्या घोळक्यात उभा राहिला. फादरनी प्रार्थना सुरू केली. पहिली ओळ धर्मगुरूची, तिला उत्तर लोकांचं. सवयीने त्याचे ओठ तीच ओळ पुटपुटू लागले. त्याने ते मिटून घेतले. मग उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा तो सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या जरा मागून, लोकांचं उत्तर म्हणाला.