डाव्या हाताचं रफू

ऍलनने टेबलावर लेसचं एक रीळ टाकलं आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "हे तुमच्याकडून आलंय."

तुमच्याकडून म्हणजे इंडियातून. रिळावरच्या लेबलवर तसं छापलंच होतं. लेस मात्र आमची दिसत होती. नमुना नंबर ४४१७, फर्नची पानं आणि मध्ये सहा पाकळ्यांचं फूल. ऑल्डरवुडच्या कारखान्यात तो १९३२ साली पहिल्यांदा निघाला आणि आजही निघतो, मशीनला नक्षी सांगणाऱ्या त्याच भोकं पाडलेल्या जुन्या पुठ्ठ्यांवरून. लंडनचं एक लग्नाच्या कपड्यांचं दुकान तो आमच्याकडून घेतं. त्या दुकानवाल्यांनीच ही नक्कल इंटरनेटवरून मागवली आणि ऍलनच्या तोंडावर मारली. जगात फक्त तुमच्याकडे मिळतं म्हणता, मग हे काय?

ऍलन ऑल्डरवुड आमचा मालक. त्याला उत्तर हवं होतं आणि उत्तर म्हणून मी बरी सापडले.

"मी तुझ्यावर आरोप करत नाही, नंदा," तो म्हणाला. या देशात आरोपाची सुरुवात अशीच होते. "पण तुझं गाव कापडाचं. तुझ्या भावाचा तिथे कारखाना आहे. आणि तुला ४४१७ चे फोटो काढताना पाहिलंय."

"कुणी पाहिलंय?"

"ते मी सांगू शकत नाही."

मग त्याने कागद पुढे सरकवला. मी स्वखुशीने नोकरी सोडते, माझी काही तक्रार नाही. सही करायला सोमवारी सकाळी दहापर्यंत मुदत. केली तर चांगलं शिफारसपत्र. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत 'चोरी' हा शब्द येणार.

मी चोपन्न वर्षांची आहे. अठरा वर्षं इथे मेंडिंग करते. मशीनवरून उतरलेली लेस काळ्या कापडावर पसरायची, तुटलेले धागे शोधायचे, जाळीतली भोकं सुईने अशी भरायची की नवरीला काय, नवरीच्या सासूलाही कळू नये. हे काम करणारे कारखाने आता नॉटिंगहॅमच्या आसपास उरलेत किती? आणि चोर म्हणून बाहेर पडलेल्या बाईला दारात कोण उभं करणार?

मी रिळातलं मीटरभर कापून पिशवीत टाकलं. म्हटलं, "माझ्याविरुद्धचा पुरावा आहे ना? मग मला बघू दे."

त्याच्या मागे भिंतीवर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या कामगारांचा फोटो लावलाय. पाहुणे आले की ऍलन त्यासमोर उभा राहून सांगतो, "दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रेंचांनी आमचा धंदा खाल्ला." खाली काचेच्या कपाटात तेव्हाची नमुन्यांची वही. कपाटाला कुलूप, चावी त्याच्या खिशात. कारखान्यात आम्ही त्याला नावाने हाक मारतो, नुसतं ऍलन, बरोबरीचे असल्यासारखे. चावीपाशी बरोबरी संपते.

आता फोटो कुणी पाहिले हे शोधायला डोकं लागत नव्हतं. मेंडिंग रूममध्ये आम्ही दोघीच उरलोय. मी आणि मायकेला. मायकेला इथलीच, पिढ्यान् पिढ्या इथली. अठरा वर्षं माझ्या डब्यातल्या थालीपिठाचा अर्धा वाटा खाल्ला बाईने. त्या दिवशी, शुक्रवारी, घरी जाताना मला 'बाय' म्हणाली ते जमिनीकडे बघून.

पण खरं सांगायचं तर माझीही झोप उडाली होती. कारण फोटो मी काढले होते.

गेल्या ख्रिसमसला ऍलननेच आम्हाला ४४१७ चे तीन तीन मीटरचे उरलेले तुकडे वाटले होते. माझा तुकडा मी इचलकरंजीला दादाकडे पाठवला, त्याच्या मुलीच्या घागऱ्याला लावायला. आधी मेंडिंग रूममध्येच फोटो काढून पाठवले, आवडते का बघा म्हणून. म्हणजे आमची लेस त्या गावात गेली होती, माझ्याच हाताने. आणि वर्षाच्या आत नक्कल निघाली.

घरी हरीशला सांगितलं. नवरा माझा बस चालवतो. तो म्हणाला, "सही करून टाक. यांच्याशी कोण भांडत बसणार?"

मुलगी दिया बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात ऑफिसमध्ये आहे. ती फोनवर तिच्या इथे वाढलेल्या मराठीत ओरडली, "आई, तो लेटर साइन नाही करायचा! आधी त्याचा फोटो पाठव माझ्याला. आणि मामाला विचारला का तू?"

"काय विचारू मामाला?"

"की त्याने केलाय का ते."

पोरीने बोलून दाखवलं एवढंच. माझ्या मनात ते ऍलनने रीळ टाकलं तेव्हापासून होतंच.

शनिवारी सकाळी दादाला फोन लावला. जयंत माझा थोरला भाऊ, बारा यंत्रमाग आहेत त्याचे. इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलंच, "दादा, ती लेस तू कुणाला दाखवलीस का? म्हणजे, कुणी कॉपी बिपी करायला?"

पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता. तो लांब गेला. दादा बाहेर आला असावा.

"काय म्हणालीस?"

"नुसतं विचारतेय."

"नंदे, माझ्या मागावर काय निघतंय गं? तू वाढलीस ना हितंच? साधं कापड निघतंय. त्यावर जाळी विणायला काय मी जादूगार हाय?"

"तू नाही, पण तुझ्या ओळखीत कुणी..."

"बास. तिकडच्या साहेबानं तुला चोर म्हटलं, आन् तू मला म्हणतीस. चांगली शिकलीस." फोन ठेवला त्याने.

त्याचं बरोबर होतं. त्याच्या मागावर लेस निघूच शकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी विचारलं. साहेबाने बोट दाखवलं की ते बोट आपणच आपल्या माणसाकडे वळवतो. याची लाज मला त्या कागदापेक्षा जास्त वाटली.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी काळी शाल अंथरली, त्यावर ती नकली पट्टी पसरली आणि भिंग घेऊन बसले. फुलाच्या डाव्या अंगाला, पानाच्या टोकाखाली, जाळीची तीन घरं वेगळी होती. रफू. कुणीतरी भोक भरलं होतं, आणि सुंदर भरलं होतं. मी पुढच्या फुलाकडे गेले. तिथेही तीच तीन घरं. त्याच्या पुढच्या फुलाजवळही तीच.

मी भिंग खाली ठेवलं.

कुठल्याही मशीनचा धागा दर फुलाला त्याच जागी तुटत नाही आणि कुठलीही बाई दर नऊ इंचांवर तेच रफू करत नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्याने एक रफू केलेला तुकडा कॉम्प्युटरवर घेतला, आणि कॉम्प्युटरने रफूसुद्धा नक्षी समजून दर फुलाला विणवत नेलं. तो एक तुकडा सापडला की चोर सापडला.

दादाच्या तुकड्यावर रफू होतं, पण ते माझं. हे माझं नव्हतं. मायकेलाचंही नव्हतं. सुईबाईला दुसरीचा हात अक्षरासारखा ओळखू येतो. या तीन घरांत धाग्याचा पीळ उलटा पडला होता. ते रफू डावखुऱ्या हाताने भरलेलं होतं. आणि अठरा वर्षांत आमच्या खोलीत डावखुरी बाई मी पाहिलेली नाही.

सोमवारी आठ वाजता मी मेंडिंग रूममध्ये गेले. मायकेला आधीच बसली होती.

"तू सांगितलंस त्याला?"

तिने सुई खाली ठेवली. "त्याने विचारलं, नंदाला फोटो काढताना पाहिलंस का. मी पाहिलं होतं. त्याने लिहून घेतलं."

"तेवढंच लिहिलंस?"

"तेवढंच. पण त्याला का हवंय ते कळल्यावर मी परत गेले नाही. घाबरले. बास? आता शिव्या दे."

"शिव्या नंतर. आधी हे बघ."

तिने भिंग लावलं. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर गेली. मग म्हणाली, "ही माझी आजी आहे."

तिची आजी एडिथ याच खोलीत मेंडर होती. शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, पण सुई उजव्या हातात धरली नाही. त्या काळात फॅशन फिरली, लेस कुणी विचारेना. आठवड्यातले तीन दिवस काम, उरलेले दिवस बेकारांच्या रांगेत. ४४१७ चा पहिला नमुना उतरला तेव्हा त्याला भोक पडलं होतं. ते एडिथने भरलं आणि तो तुकडा वहीत चिकटवला गेला. तिला त्याचा मरेपर्यंत अभिमान. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मालकाने अर्धी मशीन्स पेट्यांत घालून परदेशी विकली आणि एडिथसकट बायकांना काढलं. वर सांगितलं, फ्रेंचांनी धंदा खाल्ला.

"मशीनच्या पेट्यांवर फ्रान्सचे पत्ते आजोबांनीच रंगवले होते," मायकेला म्हणाली. "आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. फक्त इथे कुणी बोलत नाही."

"मग तो तुकडा कुठे आहे?"

तिने ऍलनच्या ऑफिसकडे, त्या कपाटाच्या दिशेने बोट दाखवलं. दहा वाजायची वाट आम्ही बघितली नाही.

ऍलनच्या टेबलावर तो कागद आणि पेन मांडून ठेवलेलं होतं. मी त्यावर नकली पट्टी पसरली आणि तीन घरं दाखवली. दर फुलाजवळची. मग म्हटलं, "कपाटाची चावी दे."

"कशाला?"

"४४१७ चं पान बघायचंय."

"वही फार नाजूक आहे, नंदा. पानं उलटली तर..."

"ऍलन," मायकेला म्हणाली, "माझ्या आजीचं काम बघायला मला परवानगी लागते का? उघड. नाहीतर काच मी फोडते आणि बिल माझ्या पगारातून काप."

त्याने उघडलं. तो बाजूला झाला, पानं मी उलटली, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ४४१६ होतं. ४४१८ होतं. मधे शिवणीजवळ ब्लेडने कापलेली बोटभर कड, तिच्यावर जुन्या शाईत आकडा. ४४१७.

मायकेलाने त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग ऍलन खुर्चीत बसला.

"मी फक्त भाव विचारायला इंडियातल्या एका कारखान्याला पाठवलं होतं," तो म्हणाला. "तिकडे करून घेतलं तर कितीला पडेल ते. आपली मशीन्स झिजलीत, इतका स्वच्छ तुकडा दुसरा नव्हता. त्यांनी परस्पर विकायला काढलं. मला काय माहीत?"

"चोर तिकडे आहेत हे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "आणि मी नाही हेही. तरी कागद माझ्यापुढे ठेवलास."

"तुला शिफारसपत्र देणार होतो."

मायकेला हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

मी तो कागद उलटा केला, कोऱ्या बाजूने त्याच्यापुढे सरकवला. "लिही. तुकडा मी पाठवला, नंदाने नाही. तारीख घाल. सही तू कर."

"आणि नाही केली तर?"

"तर लंडनच्या दुकानाला ही तीन घरं मी स्वतः दाखवते. भिंग घेऊन."

त्याने लिहिलं. मायकेलाने साक्षीदार म्हणून खाली नाव घातलं आणि आपला जबाब परत मागून घेतला. मी कागदाचा फोटो काढला, त्याच्यासमोर. या वेळी कुणी हरकत घेतली नाही.

नोकरी राहिली. किती दिवस, ते मला कळत नाही असं नाही. ज्याने भाव विचारला त्याला भाव कळलाच असणार. पण जाईन तेव्हा चोर म्हणून जाणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता इचलकरंजीला फोन लावला. सुप्रभावहिनींनी उचलला.

"वहिनी, दादाला द्या ना."

"ते घरात नाहीत हो नंदाताई."

मागून दादाचा आवाज स्पष्ट आला, "सांग तिला, आठवडाभर येणार न्हाईत म्हणून."

 मी म्हटलं, "बरं. स्पीकरवर टाका फोन. जो माणूस घरात नाही त्याला ऐकू येऊ दे. मी चुकले, दादा. मला माहीत होतं तुझ्या मागावर काय निघतं. तरी विचारलं."

पलीकडे कपबशी वाजली.  फोन कुणी ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही. समोर मायकेला माझ्या डब्याकडे बघत बसली होती, उघडू की नको या विचारात.