चटणी माझी, गाडी तेजस्वीची

गाडी तेजस्वीची. तेजस्वी माझी धाकटी जाऊ. आणि त्या गाडीत भरून जाते ती कांदा-लसूण चटणी माझ्या हातची. हे आधीच सांगून ठेवते, कारण मधे आमच्या गल्लीत कुणालाच ते आठवत नव्हतं.

खोबरं किती लाल करायचं, तीळ कधी उतरवायचे, लसूण कांडपाच्या डंकावर कधी टाकायचा, हे सगळं तिला मी शिकवलं. पण भिशी तिला लागली आणि तिनं जुनी पांढरी व्हॅन घेतली. माझी भिशी आदल्या वर्षीच लागली होती, तिचे मी कानातले केले. कानातल्यांत बसून पन्हाळ्याला जाता येत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

व्हॅन आली आणि चटणी तिची झाली. पन्हाळ्याचे हॉटेलवाले, मलकापूरचे दुकानदार, सगळ्यांचे फोन तिलाच. ती हॉर्न देत गल्लीतून निघाली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. बायका वर मलाच सांगायच्या, "तेजस्वीची चटणी लई भारी हाय की!" मसाला मी भाजायचा आणि ठसकाही मलाच लागायचा.

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली, तेव्हा ती मला सोबत घेऊन गेली. विम्याचं काम बघणारे उदयसिंह शाहूपुरीत बसतात. त्यांनी विचारलं, "गाडी घरच्या वापराला, का धंद्याला?"

"घरच्याच," तेजस्वी म्हणाली.

उदयसिंहांनी दारातून गाडीकडे बघितलं. "मागल्या शिटा काढून डबं भरल्यात की वैनी. धंद्याला वापरत असशीला तर नंबराची पिवळी पाटी करून घ्या. परमिट, कर, फिटनेस, समदं आलं. विमाबी महाग पडतोय. पर पांढऱ्या पाटीवर, घरगुती विम्यावर माल नेताना गाडी ठोकली, तर कंपनी हात वर करणार. आणि आरटीओनं धरलं तर दंड येगळा."

"पुढल्या वर्षी करू की पिवळी," तेजस्वी म्हणाली आणि घरगुती विमा काढून मोकळी झाली.

परत येताना माझं डोकं भणभणत होतं. रस्त्यावर पांढऱ्या पाटीच्या इतक्या गाड्या, त्यात धंद्याची कुठली हे कुणाला कळणार? म्हणजे हिचं सगळं बिनबोभाट चालणार. कर नाही, परमिट नाही, वर कौतुकही हिचंच. मला ते सहन होईना.

"तेजस्वी," मी म्हणाले, "गाडीवर नाव टाक की. धंदा एवढा वाढलाय. दोन्ही बाजूंनी मोठ्ठं नाव, खाली फोन नंबर."

"खरंच टाकू, आक्का?"

"तर काय! लांबनं वाचता आलं पायजे." कुणाला, ते मी बोलले नाही. आरटीओच्या साहेबांना.

गाडी रंगवायला गेली तेवढे दिवस मी तिच्याशी इतकी गोड वागले की सासूबाईंनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

मग गाडी आली. लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वप्नाली आक्काची कांदा-लसूण चटणी'. खाली नंबर माझा.

"तुमच्याच हातची हाय न्हवं," तेजस्वी म्हणाली. "लोकं माझं नाव घेत्यात, मला कसंतरीच वाटतंय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, गाडीला वळसा घालून मी दुसऱ्या बाजूचंही नाव वाचलं. मग खालची पांढरी पाटी दिसली. हे पुसून टाक, नाहीतर धरतील, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण नाव पुसलं की चटणी परत तेजस्वीची होणार. मी तोंड मिटून घेतलं.

आता फोन मला यायला लागले. मी ऐटीत बोलायची. बायकाही 'स्वप्नालीची चटणी' म्हणायला लागल्या. एका सकाळी असाच फोन वाजला.

"स्वप्नाली आक्का का?"

"व्हय. बोला की पावणं, किती किलो?"

"आरटीओकडून बोलतोय. पन्हाळा रस्त्याला ही गाडी थांबवलीय. पाटी पांढरी, आत विकायचा माल. चालवणाऱ्या बाई म्हणतात, धंदा त्यांचा एकटीचा आहे. तुमचं नाव नुसतं टाकलंय, तुमचा काही संबंध नाही. खरं काय?"

मागून तेजस्वीचा आवाज आला, "आक्का, तुमी ह्यात पडू नका!"

ती मला वाचवत होती, हे मला कळत होतं. पण कानात शिरलं ते एवढंच, की धंदा तिचा एकटीचा आणि माझा संबंध नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"संबंध न्हाय?" मी ओरडले. "मिरच्या कोण निवडतंय? मसाला कोण भाजतंय? चटणी माझी हाय, साहेब! धंदा माझा हाय! दंड माझ्या नावानं फाडा!"



"बाई, दंड गाडीच्या मालकाच्या नावानं निघतो," साहेब म्हणाले. "गाडी तर तेजस्वी यांची आहे."

म्हणजे दंडाच्या पावतीवरही नाव तिचंच.