मालनबाईची गिरणी

आष्टीतली मालनबाईची पिठाची गिरणी भावनानं विकत घेतली, तेव्हा मालनबाईला जाऊन महिनाही झाला नव्हता. विकणारा तिचा दीर, काकासाहेब. मालनबाई दवाखान्यात असतानाच त्यानं सौदा पक्का केला. ते कानावर येताच "माझ्या गिरणीला हात लावील त्याला सोडणार न्हाई" एवढं बोलून तिनं प्राण सोडला. भावनाला हे कुणी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता; तिचा नवरा राजानंद शाळेत विज्ञान शिकवायचा आणि गावोगावी अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली आणि बंद गिरणी आपोआप सुरू झाली. भावना किंचाळत रस्त्यावर आली. राजानंदनं धावत येऊन मेन स्विच पाडला, वायर सोडवली. गिरणी चालूच.

"उलटा करंट येत असंल कुठून तरी," तो म्हणाला आणि शाळेची मधली सुट्टी संपतेय म्हणून घाईघाईनं निघून गेला.

दारात ज्वारीचे डबे घेऊन बाया ताटकळल्या होत्या. भावनानं डोळे मिटून पहिला डबा ओतला. पीठ मऊसूत आलं.

मग ते रोजचंच झालं. लाईट गेली की गावातल्या बाकीच्या गिरण्या गप्प, ही एकटी घरघरायची. आसपासच्या वस्त्यांवरूनही लोक दळण घेऊन येऊ लागले.

एका सकाळी भावना एकटीच झाडलोट करत असताना यंत्रातून मालनबाईचा आवाज आला.

"तू पळून का जाईनास गं? भेव वाटत न्हाई का?"

"वाटतं की, मावशी. पण गिऱ्हाईक खोळंबतं."

"मी सूड घेऊन राह्यले!"

"मंग तुमच्या दिराकडं जा. मी काय केलं तुमचं?"

आवाज जरा पडला. "गेल्ते. त्याच्या घरी टीव्हीच एवढा मोठ्यानं, माझं कुणी ऐकलंच न्हाई."

इकडं गर्दी पाहून काकासाहेबाच्या पोटात दुखू लागलं. त्यानं आपल्या घराला लागून नवी गिरणी टाकली, पण लाईट गेली की तीही गप्प. शेवटी तो नारळ घेऊन भावनाच्या दारात आला.

"यंत्र विकलं मी," तो राजानंदला म्हणाला, "वहिनी न्हाई विकली. ती आमच्या घरची लक्ष्मी."

"भूत नसतंच," राजानंद म्हणाला.

"मंग नेलं तर तुमची काय हरकत?"

काकासाहेबानं यंत्रापुढं नारळ ठेवला, कोरडे डोळे पुसले आणि म्हणाला, "चला वहिनी, आपल्या घरी." गिरणीनं एक आचका दिला आणि ती थांबली.

दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर काकासाहेबाची गिरणी सुरू झाली. त्यानं पेढे वाटले. संध्याकाळी लाईट आली, गिऱ्हाईक संपलं, पण गिरणी थांबेना. रिकामी फिरल्यानं दगडांतून ठिणग्या उडाल्या. त्यानं दगड काढून ठेवले, पट्टा काढला, तरी घरघर चालूच. घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना.

शेवटी सुजलेल्या डोळ्यांनी तो भावनाकडं आला. "ताई, पाया पडतो. घेऊन जा तिला."

भावनाला त्याची दया आली. शिवाय लाईट गेली की आता तिच्या गिरणीतही शुकशुकाट असायचा. ती लगेच त्याच्याबरोबर गेली आणि यंत्राशी वाकून म्हणाली, "मावशी, चला ना परत."

"तू जा, पोरी," आवाज अगदी तृप्त होता. "मला इथंच बरं वाटून राह्यलं."

काकासाहेब दाराशी आशेनं उभा होता. "काय म्हणाली?"

"सासर सोडवत न्हाई म्हणाल्या."

काकासाहेबानं बिऱ्हाड परतूरला सासुरवाडीत हलवलं. आष्टीतल्या त्याच्या कुलूपबंद घराशेजारी ती गिरणी अजून घरघरते. भावनानं पुढच्या हंगामात डिझेलचं इंजिन बसवलं. ते चालतं बरं, पण धूर फार करतं आणि सकाळी झाडलोट करताना त्याच्याशी बोलता येत नाही.