पंतांच्या घरची विलायती शेगडी

मित्रांनो, वडगावच्या कोर्टात, अडगळीच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमागे एक गंजलेली घासलेटची शेगडी पडली आहे, ती मी.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. खाली घासलेटची टाकी, वर पत्र्याचं धुराडं आणि चार नाजूक पाय, असा माझा थाट होता. खंडाळ्याच्या एका साहेबाच्या बंगल्यात मी बरेच हिवाळे काढले. साहेब मायदेशी निघाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला आणि लोणावळ्याच्या दिगंबरपंतांनी मला घेतलं. बैलगाडीतून आणताना माझा एक पाय वाकला. पंतांनी त्याखाली कौलाचा तुकडा सरकवला आणि येईल त्याला माझं कौतुक सांगायला लागले. राख नाही, कोळसा फुंकणं नाही, म्हणून घरातली माणसं माझ्यावर खूश होती.

पौषात पंतांची मुलगी वासंती बाळंत झाली. शेकशेगडी करायला कुसगावहून झुंबरबाई येऊ लागली. लहानपणी वासंतीलाही तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. तिच्या हाताला पंचक्रोशीत मान होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. त्या कोंडलेल्या खोलीत मी जळू लागले की वासंतीचं डोकं दुखायचं. मग झुंबरबाई गुपचूप एक खिडकी किलकिली करायची.

माझा पायही तिच्या लक्षात आला.

"पंत, ही लय हालतीया. लव्हाराकडनं पाय सरळ करून आना."

"बघू या आठवड्यात," पंत म्हणाले. तिने पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हाही पंत तेच म्हणाले.

एका सकाळी केर काढताना कौलाचा तुकडा सरकला. झुंबरबाई पाय पसरून बाळाला तेल लावत होती आणि मी त्यांच्याच अंगावर कलंडले. तिने उजव्या हाताने मला मागे लोटलं. बाळ वाचलं, पण पेटतं घासलेट तिच्या हातावर सांडलं. वासंतीने घोंगडी टाकून आग विझवली.

जखम भरली, पण बोटं आखडली ती आखडलीच. तिला बाळंतिणींकडची बोलावणी येईनाशी झाली.

"हातावर पोट हाय तुजं. भरपाई मागाया पायजे," तिचा भाऊ भिमाजी म्हणाला.

"त्या घरचं मीठ खाल्लंय रे मी. कोर्टात कसं जायाचं?"

"म्या घरी जाऊन मागितली की. पंत न्हाई म्हनले."

शेवटी दावा लागला. पंतांचे वकील म्हणाले, बाईच्या पदराचा धक्का लागला, शेगडीत काडीचाही दोष नव्हता. मग झुंबरबाईच्या वकिलांनी मलाच हजर करायला लावलं. मला जज्जसाहेबांसमोर टेबलावर ठेवलं, तशी मी खडखडू लागले. पट्टेवाल्या नथूने हळूच माझ्या पायाखाली कागदाची घडी घातली.

"ते काय घातलंस?" साहेबांनी विचारलं.

"डुगडुगती, सायेब. आवाज व्हत व्हता, म्हनून कागद घातला."

साहेबांनी कागद काढला. मी सगळ्या कोर्टासमोर कलले.

"हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी पंतांना विचारलं.

समोरच्या बाकावर वासंती बाळाला घेऊन बसली होती. पंतांनी तिच्याकडे पाहिलं.

"होतं," ते म्हणाले. "बाईंनी मला दोनदा सांगितलं होतं."

निकाल झुंबरबाईच्या बाजूने लागला. नथूने मला उचलून बाहेर ओटीवर ठेवलं. तिथे वासंतीने बाळ पुढे केलं. झुंबरबाईने ते डाव्या हातावर घेतलं, उजवा तसाच पदराखाली राहिला.

"बाई, भरपाई उद्याच पोचती करतो," पंत म्हणाले.

"करा. पर तवाच लव्हाराकडं गेला असता, तर ह्याला दोनी हातांनी घेतलं असतं."

मला घरी न्यायला पुढे कुणी आलं नाही.

मित्रांनो, ज्या वस्तूत विस्तव असतो तिचे पाय, टाकी, वात रोज बघत जा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. दुसऱ्याच्या हयगयीमुळे कुणी भाजलं, तर भरपाई मागायला संकोचू नका, कोर्ट त्यासाठीच असतं. पण झुंबरबाईची बोटं कोर्टालाही सरळ करता आली नाहीत. माझा पाय मात्र लोहाराने घटकाभरात सरळ केला असता.